बी तपासलेलं होतं

मलकापूर,
सोमवार, ४ फेब्रुवारी १९७४

प्रिय गीता,

तुझे भगवानराव आज सकाळी कापसाच्या गाडीबरोबर आले आणि तुमच्या कौशल्याच्या लग्नाची पत्रिका देऊन गेले. चहा पिताना सहज म्हणाले की पाठवणीच्या वेळी पोरीच्या पदराला बी बांधायचं काम जनकाबाई करणार आहे. पोरीची आई, म्हणजे तू, असताना चुलतीनं का बांधायचं, असं मी विचारलं. ते बशीतल्या चहाकडे बघत म्हणाले, "तिचा हात उतरला ना बाई. ती खुदच नाही म्हनते." या एका वाक्यामुळे मला हे पत्र लिहावं लागतं आहे. नाहीतर मी ते आणखी टाळलं असतं. पाच वर्षं टाळलंच आहे.

भगवानराव परवा गाडी रिकामी करून परत जातील तेव्हा पत्र त्यांच्याबरोबर येईल. यात तुला माहीत असलेल्या गोष्टीही मी पहिल्यापासून लिहिणार आहे. त्याचं कारण शेवटी कळेल. मध्येच घडी घालून ठेवू नकोस आणि वाचताना रडू नकोस. तुला दोन्ही सवयी आहेत.

आधी माझी हकीकत. गेल्या जूनमध्ये नोकरीतून मोकळी झाले आणि बुलढाण्याहून सामान इथे आणलं. स्टेशनापासून जवळच दोन खोल्या आणि मागे थोडं अंगण आहे. गाड्यांच्या आवाजाची आठ दिवसांत सवय झाली, गुडघ्यांची काही होत नाही. शेजारी शालूबाई म्हणून एक विधवा राहतात. त्यांना दिवसभर माझ्याकडे लक्ष ठेवण्याशिवाय उद्योग नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कोणी लक्ष ठेवलेलं आता चालतं. सामान लावताना लोखंडी ट्रंकेच्या तळाशी मला एक डबा सापडला. त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

आपण दोघी याच गावात एका गल्लीत वाढलो. चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. तोंडी हिशेबात तू माझ्या पुढे होतीस, हे मी तेव्हा कबूल करत नसे. तुझं चौदाव्या वर्षी लग्न झालं आणि माझ्या वडिलांनी मला आधी हायस्कुलात आणि मग अमरावतीच्या कॉलेजात घातलं. मी पदवी घेऊन आले तेव्हा वऱ्हाडात अशा किती बायका होत्या, ते दोन्ही हातांच्या बोटांवर सांगता आलं असतं. ते मला फार लवकर समजलं आणि फार दिवस लक्षात राहिलं. नंतर एकसष्ट साली विकास खात्यातून माझी नेमणूक मोताळ्याला झाली, गावोगाव फिरून बायकांच्या सभा घ्यायच्या, आणि धामणगाव बढ्याच्या बाजारात तू मला मागून हाक मारलीस. तीस वर्षांनी. तुझ्या गावातल्या बायकांनी मला दार उघडलं ते माझ्या पदवीमुळे नाही. गीताची मैत्रीण आहे, म्हणून उघडलं.

तुमच्या घरातलं बी मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच वर्षी. चुलीवरच्या आढ्याला ज्वारीची कणसं जोड्यांनी बांधून टांगलेली, धुरानं पिवळी पडलेली. तुझ्या सासूबाई झुंबरबाई यांनी ते काम तोवर तुझ्यावर सोपवलं होतं. कापणीच्या आधी घरातल्या एकाच बाईनं अनवाणी वावरात जायचं, बियाण्याची कणसं निवडायची, पेरणीच्या दिवशी तिफणीच्या चाड्यात पहिली मूठ तिनंच सोडायची. पुरुषांनी त्यात बोलायचं नाही. ज्याचं बी बिघडलं त्यानं मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आणि घरातली लेक सासरी निघाली की तिच्या पदराला त्याच बियाण्याची एक मूठ गाठ मारून द्यायची. झुंबरबाई तशीच मूठ त्यांच्या माहेराहून घेऊन आल्या होत्या आणि त्यांची आई तिच्या माहेराहून.

एकदा मी तुझ्याबरोबर वावरात आले होते. तू मला सांगत होतीस, धुऱ्याजवळचं, बांधालगतचं कणीस घ्यायचं नाही, तिथं शेणखत जास्त पडतं, म्हणून ते फुगतं. सगळ्यात मोठंही घ्यायचं नाही. वावराच्या मधलं, चहूकडून दाटी असून ज्यानं दाणा धरला ते घ्यायचं, धांडा वाकवून बघायचा, दाणा दाताखाली दाबून बघायचा. मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं आणि वर मथळा दिला, "रूढी व समजुती". ती वही अजून माझ्याकडे आहे. परवा उघडली आणि तो मथळा खोडला. त्यानं काही होत नाही, तरी खोडला.

सदुसष्ट साली हायब्रीड ज्वारी आली. तुमच्याकडे तिला हायब्रेट म्हणत. बुटकी, लवकर येणारी, दीडपट-दुप्पट देणारी. मागच्या दोन वर्षांत लोकांनी काय खाल्लं होतं ते मी पाहिलं होतं. ही ज्वारी घरोघरी जावी असं मला मनापासून वाटत होतं आणि तसं वाटणं चूक नव्हतं. पण पुरुष हो म्हणत आणि पेरणीच्या दिवशी घरातून जुनंच बी बाहेर येई, कारण बी बायकांच्या हातात. तेव्हा बायकांना वळवायचं काम माझ्याकडे आलं. वरून साहेब पाहणीला येणार होते. सगळं गाव हायब्रीडचं, एकही घर मागे नाही, असं मला दाखवायचं होतं. त्यासाठी मी जी युक्ती काढली ती मला कोणी सांगितलेली नव्हती. ती माझीच होती.

मी सांगितलं की प्रत्येक घरानं आपलं जुनं बी आणायचं, शाळेच्या ओसरीत सगळ्यांसमोर दळायचं आणि त्याच भाकरी पाहुण्यांना वाढायच्या. म्हणजे मागे फिरायला वाटच राहणार नाही. गावात गिरणी होती, पण फोटोत जातं बरं दिसेल म्हणून मी जातं मागवलं. बायका आल्या, गाडगी घेऊन उभ्या राहिल्या, पण पहिली मूठ जात्यात कोणी टाकेना. त्या सगळ्या तुझ्याकडे बघत होत्या आणि तू माझ्याकडे. तुझ्या सासूबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "कालेजात बी खायाले शिकवतात का बाई?" बायका हसल्या. मला राग आला. मी तुला म्हटलं, गीता, तू सुरुवात कर. आणि तू केलीस, सासूच्या डोळ्यांदेखत, माझ्या शब्दावर. तेवीस घरांचं बी त्या दिवशी दळलं गेलं. साहेबांना भाकरी फार आवडली. झुंबरबाईंनी त्या भाकरीला हात लावला नाही. घरी जाऊन आदल्या दिवशीचा कोरडा तुकडा पाण्यात बुडवून खाल्ला, हे मला तूच नंतर सांगितलंस.

त्या दिवशी जात्याकडे जाण्याआधी तू मला शाळेच्या मागे नेलं होतंस. माझ्या पदराचं टोक ओढून त्यात मूठभर ज्वारी घातलीस आणि गाठ मारलीस. म्हणालीस, "तुहं लगन झालं नाही, तर तुले कोन बांधून देईल? मीच देते. फेकू नको वं." मी घाईत होते. साहेबांची जीप फाट्यापर्यंत आल्याचा निरोप नुकताच आला होता. मोताळ्याला गेल्यावर गाठ सोडून ते दाणे एका रिकाम्या डब्यात घातले, वर तू सांगितल्याप्रमाणे राख टाकली आणि डबा ट्रंकेत ठेवला. नंतर बदल्या झाल्या, ट्रंक फिरत राहिली, डबा उघडला गेला नाही.

पहिल्या वर्षी पीक चांगलं आलं. ते तुला आठवतं. भगवानरावांनी मला वावर दाखवायला नेलं, धांडा आखूड आहे, बैलांना कडबा पुरणार नाही, एवढंच कुरकुरले. शेवटच्या पावसात काही दाणे काळे पडले, तरी मापाला माल जास्तच होता. मी माझा अहवाल लिहिला. आणि कापणीच्या आधी तू नेहमीसारखी अनवाणी वावरात गेलीस. धुऱ्याजवळचं सोडलंस, मधलं घेतलंस, दाताखाली दाबून पाहिलंस, जोड्या बांधल्यास आणि आढ्याला टांगल्यास. तुझं बघून बाकीच्या घरांतल्या बायकांनीही तसंच केलं.

मी त्या दिवाळीत तुमच्याकडे जेवायला आले होते. चुलीवर टांगलेली ती कणसं मी पाहिली, गीता. ताटावर बसून, मान वर करून पाहिली.

पुढच्या मृगात तू पहिली मूठ चाड्यात सोडलीस आणि जे उगवलं ते सगळ्या गावानं पाहिलं. एक झाड कमरेएवढं, शेजारचं डोक्याच्या वर. एक कणीस भरलेलं, दुसरं पोचट, कुठं नुसताच तुरा. तुमच्या वावरात, शेजारच्या गुलाबरावांच्या, ज्यांनी ज्यांनी घरचं बी धरलं त्या सगळ्यांच्या. पण बाकीच्यांनी तुझ्याच हातचं बघून केलं होतं, म्हणून बोट तुझ्याकडे वळलं. तुझा हात उतरला, ज्या हातानं बी जात्यात घातलं, त्या हाताला बी कसं धरणार, असं झुंबरबाई म्हणू लागल्या. त्यांनी ते दुष्टपणानं म्हटलं असं मला वाटत नाही. त्यांच्यापुढे जेवढं होतं तेवढ्यावरून दुसरं काही निघत नव्हतं.

अश्विनात मी आले तेव्हा तुमच्या अंगणात दहा-बारा बाया बसलेल्या होत्या. तू दाराच्या आत उभी होतीस. झुंबरबाईंनी मला खाली बसूही दिलं नाही. म्हणाल्या, "बाई, तुमी शिकेल हा. एकच सांगा. बी खराब होतं का हिचा हात खराब?"

मी म्हटलं, "बी तपासलेलं होतं."

एवढंच म्हटलं. ते खोटं नव्हतं. पहिल्या वर्षी पोत्यातून आलेलं बी तपासलेलंच होतं. पण विचारलं ते दुसऱ्या बियाण्याबद्दल होतं, हे मला कळत होतं. मी तुझ्याकडे पाहिलं नाही. तू माझ्याकडे पाहत होतीस हे मात्र मला माहीत आहे. झुंबरबाई फक्त "हाव" म्हणाल्या. त्याच दिवशी त्यांनी बियाण्याचं काम जनकाबाईला दिलं. पुढच्या वर्षी माझी बढती होऊन बुलढाण्याला बदली झाली. निघताना मी तुला भेटायला आले नाही. वेळ नव्हता, असं कार्डावर कळवलं. वेळ होता.

त्यानंतर गावानं दरवर्षी विकतचं बी घ्यायला सुरुवात केली, मग कोणाच्या हाताचा प्रश्न उरला नाही. फक्त तुझा उरला. भगवानराव आज सांगत होते, पेरणीच्या दिवशी बियाण्याची टोपली बाहेर निघाली की तू गोठ्यात जाऊन बसतेस. कोणी सांगत नाही, तू आपणहून जातेस. पदराला बांधायची मूठसुद्धा आता जनकाबाई विकतच्या पोत्यातली घेणार आहे. झुंबरबाईंनी मधल्या काळात दोन-तीन गावांत जुनं बी शोधलं, भाकरी भाजून बघितली आणि "हे आपलं नोहे" म्हणून सोडून दिलं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. हे सगळं त्यांनी मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. लग्नघरातल्या गोष्टी सांगतात तसं सांगितलं. म्हणून जास्त लागलं.

आता डब्याबद्दल. जूनमध्ये तो सापडला तेव्हा मी राख चाळून दाणे मोजले नाहीत, आधी नुसते हातात घेऊन बसले. मग तीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. चौथ्या दिवशी सहा दाण्यांना मोड आले. सहा वर्षांच्या बियाण्याला सहा मोड. थोडे मागे ठेवून उरलेले दाणे मी मागच्या अंगणात टोकले. जिथे उगवलं नाही तिथे दुसऱ्यांदा टोकले. गेल्या वर्षी पाऊस बरा झाला, तरी मी विहिरीचं पाणी घालत होते. चौदा झाडं वर आली. ती माझ्या डोक्याच्या वर गेली तेव्हा शालूबाईंनी एवढी वैरण बघून भिंतीवरून विचारलं, "बाई, म्हैस कधी आनता?" पुढे चिमण्या आल्या, तेव्हा मी जुन्या लुगड्याच्या चिंध्या कणसांवर बांधल्या आणि काठी घेऊन खुर्ची टाकून बसले. मी गावांत पाहणीला गेले की माणसं मला जशी घाबरत तशा चिमण्या घाबरत नाहीत. तीन कणसं त्यांनी नेली. अकरा राहिली. एका कणसाचे चार दाणे मी दाताखाली दाबून पाहिले. चवीतलं मला काही कळत नाही, पण त्या शाळेतल्या दिवसाची भाकरी आठवली.

ती अकरा कणसं कार्तिकापासून माझ्या स्वयंपाकघरात टांगलेली आहेत. माझ्याकडे चूल नाही, स्टोव्ह आहे, त्यामुळे धूर लागलेला नाही. राख चोळली आहे. जोड्या बांधल्या, पण तुझ्यासारखी गाठ जमली नाही. कणसं तयार होती, मलकापूरहून तुमच्याकडे येणारी माणसं दर आठवड्याला भेटतात, आणि तरी अडीच-तीन महिने ती मी पाठवली नाहीत. कारण कणसं पाठवली की पत्र लिहावं लागलं असतं, आणि पत्र लिहिलं की पुढचं लिहावं लागलं असतं.

ते आता लिहिते. हायब्रीडच्या प्रत्येक पोत्याबरोबर एक छापील पत्रक आलं होतं. त्यात खाली एक ओळ होती : "या पिकाचे धान्य पुढील हंगामात बियाणे म्हणून वापरू नये, दर वर्षी नवीन बियाणे घ्यावे." बायकांसाठी सोप्या भाषेत तक्ता मी स्वतः लिहिला, शाळेच्या भिंतीवर मीच लावला. त्यात ती ओळ नाही. ती राहून गेली नाही. मी ती गाळली. जे बी पुढच्या वर्षी धरता येत नाही ते कसलं बी, असं तुम्ही विचारलं असतं आणि एकीनंही गाडगं आणलं नसतं. एकदा गोडी लागली की पुढच्या वर्षी सांगू, असं ठरवलं होतं. दिवाळीत तुझी कणसं पाहिली तेव्हा सांगायला हवं होतं, पण साहेबांचं कौतुकाचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं. अंगणात झुंबरबाईंनी विचारलं तेव्हा तर मी नुसती ती ओळ म्हणून दाखवली असती तरी पुरलं असतं. तुझा हात उतरला नव्हता, गीता. त्या ज्वारीतून कोणाच्याही हातानं, तुझ्या सासूच्या हातानंसुद्धा, तेच उगवलं असतं. हे तुला एकटीला सांगून भागणार नाही, कारण तू ऐकून घेशील आणि पुन्हा गोठ्यात जाऊन बसशील. म्हणून पहिल्यापासून लिहिलं. हे पत्र भगवानरावांनी अंगणात, झुंबरबाई, जनकाबाई आणि त्या दिवशी बसलेल्या ज्या बाया असतील त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचावं. पत्रकाची ओळ दाखवावी. आणि कौशल्याच्या पदराला या कणसांतली मूठ तू बांधावीस. मी लग्नाला येत नाही. बोलावणं भगवानरावांचं होतं आणि त्यांना तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. पत्र वाचून झाल्यावर तुझं तू बोलावलंस तर येईन.

तुझीच,
अन्नपूर्णा

बुधवार सकाळ. भगवानरावांच्या हाती दिलं ते असं : तुमच्या घरच्या ज्वारीची कणसं अकरा, पैकी पाच जोड्या आणि एक सुटं. छापील पत्रक एक, शेवटच्या ओळीखाली शाईची रेघ मारलेलं. माझ्या हातचा तक्ता एक, त्यात ती ओळ नाही. डबा एक, त्यात तू माझ्या पदराला बांधलेल्या मुठीतले मागे ठेवलेले दाणे, राखेसकट. हे पत्र, उघडं. भगवानरावांनी पत्रक आणि तक्ता उभ्यानं दोनदा ताडून पाहिले आणि माझ्या वहीत सही केली. कणसांसाठी मी पिशवी दिली होती, ती त्यांनी परत केली आणि कणसं उपरण्यात बांधून घेतली. माझ्याकडे एकही दाणा ठेवलेला नाही.